अंथरुणातली जाग

रात्री कधीतरी जाग येते. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, तरी हात मोबाइलकडे जातोच. दोन वाजून चाळीस मिनिटं. मग हिशेब सुरू होतो. आत्ता डोळा लागला तर तीन तास वीस मिनिटं मिळतील, तीनला लागला तर तीन तास. शेजारचं माणूस शांत झोपलेलं असतं आणि त्याचा हेवा वाटतो. कूस बदलायची, उशी उलटी करायची, पंख्याचा वेग वाढवायचा, पुन्हा कमी करायचा. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा कुठे डोळे मिटू लागतात, आणि तीच उठायची वेळ असते. ज्याची अशी वर्षं गेली आहेत त्याला विचारा. तो सांगेल की रात्रीपेक्षा संध्याकाळ जास्त जड जाते. दिवेलागणीपासूनच मनात येतं, ‘आज तरी लागेल का?’

आपल्याकडे जागं राहण्याला मान आहे. खंडोबाचं जागरण, कोजागरीचं दूध, एकादशीचं भजन, गणपतीच्या आदल्या रात्रीची सजावट. ही जागरणं माणूस आपणहून करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आडवा झाला की ती भरून निघतात. न मागता आलेल्या जागेपणासाठी मात्र आपल्याकडे ‘निद्रानाश’ हा एकच जड शब्द आहे, आणि तो मला पटत नाही. या आजारात झोपेचा नाश झालेला नसतो. झोप शरीरात शाबूत असते, तिची वाट अडलेली असते. शब्दातला हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण उपचाराची दिशाच त्यावर ठरते.

एखाद-दुसरी रात्र तळमळत जाणं हा आजार नव्हे. परीक्षा, लग्नघर, पैशांची ओढाताण, आजारपण यांत कोणाचीही झोप उडते. डॉक्टर ज्याला जुनाट निद्रानाश म्हणतात त्याच्या अटी स्पष्ट आहेत. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते. झोपायला पुरेसा वेळ आणि संधी असूनही हे होतं. आणि त्याचा दिवसा त्रास होतो, म्हणजे थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं. जगभरच्या पाहण्यांमध्ये प्रौढांपैकी साधारण १० टक्के लोक या व्याख्येत बसतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा सुमारे १.४ पट आहे. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून निघणाऱ्या वाफा हे त्याचं एक कारण. पण सगळ्यांत शेवटी पाठ टेकायची आणि सगळ्यांच्या आधी उठायचं ही घरातली रीतही मी या हिशेबात धरते.

‘संधी असूनही’ हे दोन शब्द या साऱ्या प्रश्नाचा कणा आहेत. झोप कमी मिळणं आणि झोप न येणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे निद्रानाशाच्या रुग्णांचे फार हाल झाले आहेत.

आधी झोप कमी मिळण्याचं बघू, कारण झोपेच्या महत्त्वाबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक या बाजूचं असतं. १९९९ साली शिकागो विद्यापीठात कारीन स्पीगल आणि इव्ह व्हान कॉटर यांनी ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४-४ तास अंथरुणात राहू दिलं. तेवढ्यातच साखर पचवण्याची त्यांच्या शरीराची ताकद मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झाली. २००३ च्या एका प्रयोगात रोज ६ तास झोपणाऱ्यांची सावधानता दोन आठवड्यांत इतकी घसरली, जणू त्यांनी एक-दोन रात्री पूर्ण जागून काढल्या होत्या. त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे पेंगुळलेले आहोत असं वाटत नव्हतं. गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, वाढीचं संप्रेरक स्रवतं, दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होतात. प्रौढाला ७ तास किंवा त्याहून जास्त झोप हवी, हा तज्ज्ञांचा सल्ला अशा कामांवर उभा आहे आणि तो योग्यच आहे.

ही कमी झोप समाज लादतो. महाराष्ट्रात तर तिची उदाहरणं गल्लोगल्ली सापडतात. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो. साप आणि बिबट्याची भीती वेगळीच. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, आणि रात्रीचं पाणी धरलेला माणूसच तिचं मोल जाणतो. रातपाळीचे कामगार, रखवालदार, परिचारिका, परदेशी ग्राहकांचे फोन घेणारी मुलं हे सगळे झोपेच्या वेळी जागे असतात. रातपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं. लहान मुलांची झोप मोडू नये म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. या लोकांना झोपायला वेळ आणि शांतता द्या, ते झोपतील. त्यांचा प्रश्न धोरणाचा आहे.

निद्रानाशाच्या रुग्णाला वेळ आणि शांतता दिली तरी तो जागाच राहतो. दिवसभर थकलेला असतो, पण दुपारी पडावं तर तेव्हाही डोळा लागत नाही. झोप कमी मिळालेला माणूस बसल्या जागी पेंगतो, हा पेंगत नाही. त्याच्या शरीरातली सावधगिरी रात्रीही उतरत नाही.

झोप कशी लागते हे स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये दोन शक्तींच्या मेळातून समजावून सांगितलं. पहिली झोपेची भूक. जागं राहू तशी मेंदूत अॅडेनोसिनसारखी द्रव्यं साठतात आणि ही भूक वाढत जाते. चहा-कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायलाच सुमारे ५ तास लागतात. दुसरी शक्ती शरीराचं घड्याळ. ते सकाळच्या उजेडाने लागतं. त्याची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. भूक पुरेशी साठली आणि घड्याळाने रात्र झाल्याचं सांगितलं, की झोप येते. मात्र त्या वेळी मन पहाऱ्यावर असेल तर दोन्ही शक्ती थबकतात. कुत्रं मागे लागलेल्या माणसाला कितीही भूक लागलेली असली तरी तो जेवायला बसत नाही, तसंच हे.

तात्पुरती उडालेली झोप कायमची कशी उडते? माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा विचार न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडला. काहींचा स्वभाव किंवा शरीर मुळात हलक्या झोपेचं असतं. त्यात एखादा प्रसंग घडतो. आणि मग माणूस झोप परत आणण्यासाठी जे-जे करतो, तेच आजाराला खतपाणी घालतं. समजा, वडिलांच्या आजारपणात एका बाईने दोन महिने दवाखान्यात बाकावर रात्री काढल्या. वडील घरी आले, ती मात्र झोपेना. म्हणून ती नऊलाच अंथरुणावर पडू लागली. रविवारी आठपर्यंत लोळू लागली. दुपारी काम टाकून आडवी होऊ लागली, आणि थकवा घालवायला चारऐवजी सहा कप चहा घेऊ लागली. यातली एकेक गोष्ट शहाणपणाची वाटते. एकत्र आल्या की झोपेची भूक साठत नाही, घड्याळ भरकटतं, आणि रोज चार तास जागेपणी अंथरुणात गेल्याने मेंदू शिकतो की ही जागा काळजी करण्याची आहे. म्हणूनच हॉलमध्ये टीव्हीसमोर पेंगणारी ती बाई खोलीत पाठ टेकताच टक्क जागी होते. मूळ कारण केव्हाच संपलेलं असतं.

म्हणून मी म्हणते की झोपेचं महत्त्व सांगणं आणि निद्रानाशावर उपचार करणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि पहिलं काम बेतालपणे केलं तर दुसऱ्याचं नुकसान होतं. ‘झोपला नाहीत तर हृदयविकार होईल, विस्मृती होईल’ हे मथळे रात्री जागून मोबाइलवर चाळणाऱ्याला आणखी जागं ठेवतात. निरोगी माणसांना जबरदस्तीने जागवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे त्याच्या माथी मारता येत नाहीत. हाताला बांधलेल्या घड्याळाने आकडा दाखवला की काळजीला पुरावा मिळतो. झोपेच्या आकड्यांमागे लागून झोप गमावणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्दच तयार झाला. प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मोजलं तर पुष्कळ रुग्ण स्वतःला वाटतं त्याहून जास्त झोपलेले आढळतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांची झोप इतकी सावध असते, की ती त्यांना झोप म्हणून जाणवत नाही. रात्रभर टक्क जागा होतो म्हणणाऱ्याला घरच्यांनी ‘अरे, तू तर घोरत होतास’ असं हिणवू नये, एवढं यातून शिकायला हरकत नाही.

निद्रानाश निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. ज्यांना तो आहे त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. पूर्वी डॉक्टर म्हणत, नैराश्य बरं करा, झोप आपोआप येईल. आता उलट बाजूही कळली आहे. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त झोपेवर उपचार केले, तर संशयाने ग्रासण्याची लक्षणंही कमी झाली.

आता गोळी. आपल्याकडे निद्रानाशाचा उपचार म्हणजे ‘अर्धी गोळी’. बीपीच्या गोळीबरोबर रात्रीची ती एक, कोणी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि पंधरा वर्षं चालू असलेली. गोळ्यांचा इतिहास आशेचा आणि भ्रमनिरासाचा आहे. १९०३ मध्ये बार्बिटल आलं. त्या कुळातली औषधं जीवघेणी ठरू शकतात हे कळेपर्यंत अनेक बळी गेले. १९६० पासून बेन्झोडायझेपाइन्स आली, ती त्या मानाने सुरक्षित होती. आजची अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम त्याच घरातली. पुढे झोल्पिडेम आलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी त्याचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला, कारण सकाळी गाडी चालवताना रक्तात औषध उरत होतं. २०१९ मध्ये झोपेत चालणं, गाडी हाकणं अशा प्रकारांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. भारतात अल्प्राझोलामसारखी औषधं एच-१ परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे आपण सगळेच जाणतो.

दुःखाच्या किंवा संकटाच्या काळात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळीला जागा आहे. ती घेणाऱ्याला दोषी ठरवणं मला मान्य नाही. रात्रीमागून रात्री तळमळलेला माणूस मिळेल तो आधार धरतो. पण महिन्यांमागून महिने घेतल्यावर शरीराला तिची सवय होते आणि एकदम सोडली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते. मग ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही’ असा समज पक्का होतो. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. संध्याकाळचा पेग तर गोळीहून फसवा. दारूने डोळा पटकन लागतो आणि उत्तररात्री झोप चाळणीसारखी होते.

यापेक्षा चांगला उपचार आहे आणि तो नवाही नाही. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी अंथरूण आणि झोप यांची मोडलेली सांगड पुन्हा घालण्याची रीत सांगितली. झोप आल्यावरच आडवं व्हायचं, पंधरा-वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बसायचं, पेंग आली की पुन्हा पडायचं, अंथरुणात वाचन, जेवण, मोबाइल काही नाही, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. स्पीलमन यांनी अंथरुणातला वेळच आखडून घ्यायला शिकवलं. दोन आठवडे नोंद ठेवायची. रात्री १० ते ६ असे ८ तास अंथरुणात आणि झोप सरासरी साडेपाच तास, म्हणजे जेमतेम ६९ टक्के वेळ सत्कारणी लागला. मग सहाला उठायचं कायम ठेवून पाठ साडेबारालाच टेकायची. पाच तासांच्या खाली ही मर्यादा नेत नाहीत. पहिले आठ-दहा दिवस हाल होतात, हे आधीच सांगितलं पाहिजे. दुपारी डोळे जळतात, संध्याकाळी तोल जातो. पण भूक साठते. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. याला झोपेबद्दलच्या धास्तीवर बोलण्याची जोड दिली की ती पद्धत पूर्ण होते. मानसोपचारतज्ज्ञ तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सर्व प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून तीच सांगितली, गोळी तिच्यानंतर. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी, आणि ट्रक-बस चालवणाऱ्यांनी मात्र हा वेळ आखडण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

‘उठून दुसऱ्या खोलीत जा’ हे वाक्य मात्र दुसरी खोली असलेल्या देशांत लिहिलं गेलं आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पाच माणसं ओळीने झोपलेली असताना उठून बसायचं तर कुठे? यावर मी एवढंच सुचवेन की मुद्दा खोलीचा नाही, अंथरूण सोडण्याचा आहे. ओट्याशी मांडलेला पाट, गॅलरीतलं स्टूल, दारातली पायरी चालते. आणि एका बाबतीत आपली जुनी रीत फार चांगली होती. सकाळी उठलं की अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची आणि रात्रीपर्यंत ती उलगडायची नाही. बूटझिन जे शिकवत होते ते आपल्या आज्या रोज करत होत्या. खाट आल्यापासून त्याच गादीवर अभ्यास होतो, भाजी निवडली जाते, पाहुणे बसतात, ऑफिसचं काम होतं. खाट टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण दिवसा चादर घालून ती बंद ठेवता येते.

आयुर्वेदाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत बसवलं, आणि चरकसंहितेत झोप आणणाऱ्या गोष्टींत म्हशीच्या दुधाला पहिला मान आहे. उन्हाळा सोडून निरोगी माणसाने दिवसा झोपू नये, हा तिथला सल्ला आजच्या उपचाराशीही जुळतो. वामकुक्षी ज्याला पचते त्याने ती जरूर घ्यावी. रात्री झोप न येणाऱ्याने काही आठवडे तरी सोडावी.

काही जाग मात्र वर्तनाने जाणारी नसते. मोठ्याने घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंगणं असेल तर तो निद्राश्वासरोध असू शकतो, आणि त्यात गोळी व दारू धोक्याची. संध्याकाळी पायांत मुंग्या आणि हलवल्याशिवाय राहवेना, असं असेल तर रक्तातलं लोह तपासावं. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत तिथे हे कारण विसरून चालणार नाही. थायरॉइड, दमा, सांधेदुखी, नैराश्य हेही बघायला हवं.

बाहेरचा गोंगाट हा रुग्णाच्या हातातला भागच नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, हा नियम २००० सालचा आहे. शांत झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब मध्यरात्रीनंतरही नोंदवत राहिल्याबद्दल तपास यंत्रणेला सुनावताना झोपेचा हक्क मूलभूत गरज मानला. भिंती हादरवणाऱ्या डीजेसमोर हलकी झोप असलेल्या माणसाला याच निकालांचा आधार आहे, आणि पोलिसांनी तो द्यायलाच हवा.

खरी अडचण उपचार पोचण्याची आहे. सीबीटी-आय देणारे प्रशिक्षित लोक मोठ्या शहरांतही मोजकेच, मराठीतून देणारे त्याहून थोडे. पण यासाठी तज्ज्ञच लागतो असं नाही. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत साध्या दवाखान्यांतल्या परिचारिकांना थोडं प्रशिक्षण देऊन ६४२ रुग्णांपैकी निम्म्यांवर अंथरुणातला वेळ आखडण्याचा उपचार केला, अवघ्या चार भेटींत. सहा महिन्यांनंतर त्यांचा निद्रानाश इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका आहेत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, रक्तदाब-मधुमेहाची नोंदवही आहे. त्या वहीत झोपेचा एक रकाना आणि या कर्मचाऱ्यांना मराठीतून काही दिवसांचं प्रशिक्षण, एवढं आरोग्य खात्याने करावं, ही माझी मागणी आहे. अर्धी गोळी लिहिण्याआधी ‘किती वाजता आडवे होता आणि किती वाजता उठता?’ हे दोन प्रश्न तरी प्रत्येक डॉक्टरने विचारावेत.

तोवर, तुम्हीही असेच रात्री जागत असाल तर एक साधी वही घ्या. रोज सकाळी पाच ओळी लिहा: किती वाजता पडलात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा उठलात, कधी उठलात, दिवसा किती चहा झाला. रात्री घड्याळ बघून लिहू नका, अंदाज पुरतो. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, हळूहळू उतरवायला त्यांची मदत मागा. मन फार खचलं असेल तर सरकारी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.